अर्ध्यावर सोडलेली तांदा

ब्युनोस आयर्सच्या आल्माग्रो भागातल्या एका जुन्या क्लबात मिलोंगाला, म्हणजे टँगो नाचायच्या रात्रीला जायचे, तेव्हा शेजारच्या टेबलावर सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ असायचे. इस्त्रीचा करडा कोट, पाणी लावून मागे बसवलेले केस, समोर सोड्याची बाटली आणि रात्रभर पुरवून प्यायलेला रेड वाइनचा एकच ग्लास. फार नाचत नसत. बराच वेळ नुसते बसून राहायचे. मग एखाद्या ऑर्केस्ट्राचे पहिले सूर आले की मान किंचित वर व्हायची, नजर समोरच्या भिंतीलगतच्या खुर्च्यांवरून फिरायची आणि तिकडून कुणाची तरी मान हलली की उठायचे. त्या रात्री संगीत लावायला बाहेरचा पाहुणा होता. उशिरा, गर्दी थोडी विरळ झाल्यावर, त्याने ऑर्केस्ट्राप्रमुख आनिबाल त्रोइलोची पन्नाशीच्या दशकातली, बिनगायकाची तांदा लावली. हे गृहस्थ हिरव्या पोशाखातल्या एका बाईंबरोबर नाचत होते. तीन गाणी झाली. चौथं सुरू झालं, ते 'रेस्पॉन्सो' होतं. गृहस्थ थांबले. बाईही थांबल्या. दोघांत एक शब्दही झाला नाही. त्यांनी बाईंना हाताला धरून खुर्चीपर्यंत सोडलं, मान लववली आणि आपल्या टेबलाशी येऊन बसले.

मिलोंगात एकाच ऑर्केस्ट्राची, एकाच काळातली तीन-चार गाणी सलग लागतात, ती तांदा. जिच्याबरोबर पहिल्या गाण्याला उभे राहिलात तिच्याबरोबर शेवटपर्यंत नाचायचं. मध्येच आभार मानून निघालात तर समोरच्या माणसाकडून काहीतरी आगळीक झाली, असं अख्खा हॉल धरून चालतो. म्हणून मी दचकून त्या बाईंकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर अपमानाची खूण नव्हती. पर्समधून पंखा काढून त्या शांतपणे वारा घेत होत्या. आणखी काही जोडपी अशीच बाजूला झाली होती, सगळी वयस्कर. बाकीचे नाचत राहिले. बाहेरदेशचे बरेच होते, पण तिथलीच एक तरुण जोडीही होती, आणि ती जोडी अशी नाचली की माझी नजर हलेना. व्हायोलिनची एक लांबलचक ओळ संपेपर्यंत त्या मुलीने एक पाऊल जमिनीवर टेकवलंच नाही. गाणं संपलं. मी बघतेय हे गृहस्थांच्या लक्षात आलं असावं. "हे मान्झीसाठी आहे," एवढंच म्हणाले आणि सोडा ओतून घेतला.

यावर नाचायचं नाही हे त्यांना ठाऊक होतं, आणि यावर कसं नाचायचं हे त्या मुलीला. गाणं कुणी ऐकलं?

ओमेरो मान्झी 1951 मध्ये गेला. त्रोइलोचा तो दोस्त आणि त्याचा गीतकार. त्याच्यासाठी त्रोइलोने 'रेस्पॉन्सो' रचलं. मेलेल्या माणसासाठी म्हणायची प्रार्थना असते, तेच नाव. त्यात शब्द नाहीत. शब्द लिहिणाराच गेला होता, तर ते आणायचे कुठून! हे मला आधीही माहीत होतं. पण माहीत असणं आणि चालू गाण्यात पाय थबकणं यांत अंतर आहे. त्या गृहस्थांच्या पायांना ते कुणी सांगावं लागलं नव्हतं.

नंतर बरेच दिवस मी मान्झी-त्रोइलोची दोन गाणी आलटूनपालटून ऐकत राहिले. 'बारियो दे तांगो' 1942 चं, 'सुर' 1948 चं. दोन्हींचे शब्द मान्झीचे, चाल त्रोइलोची, ऑर्केस्ट्राही त्याचाच. दोन्हींत तेच मागे पडलेलं उपनगर, तोच चिखल, तोच चंद्र, तेच हरवलेले लोक. पहिल्यात फिओरेन्तिनो गातो. तो ऑर्केस्ट्राच्या आतूनच गातो, एखादं वाद्य आपल्या पाळीला पुढे यावं तसा येतो, आपला भाग म्हणतो आणि परत आत जातो. त्याच्या शब्दांखालून ताल चालूच असतो. शब्द कळले नाहीत तरी चालतं, चालता येतं. 'सुर'मध्ये एदमुंदो रिवेरो आहे. खर्जातला, घोगरा, घाई नसलेला आवाज. इथे ऑर्केस्ट्राच त्याच्यासाठी थांबतो. तो एखाद्या शब्दावर रेंगाळला की बांदोनेऑन, म्हणजे टँगोतल्या भात्याच्या पेट्या, त्याही श्वास रोखून धरतात, आणि सान हुआन आणि ब्वेदो या रस्त्यांच्या कोपऱ्यापासून तो जी गोष्ट सांगायला लागतो ती पुरी झाल्याशिवाय आपल्याला हलवत नाही. मी 'सुर'वर नाचणारे पाहिले आहेत. नाचतात बिचारे. पण प्रत्येक ओळीला त्यांचं पाऊल रिवेरोची परवानगी मागत असतं.

सहा वर्षांत त्रोइलो काही वेगळा माणूस झाला नव्हता. पण या मधल्या काळात गायक ऑर्केस्ट्राच्या पोटातून बाहेर येऊन पुढे उभा राहिला. आधीच्या पिढीत गायकाला नुसतं धृपद म्हणायला ठेवलेलं असे, अर्धं मिनिट गायचं आणि गप्प बसायचं. चाळिशीच्या दशकात त्याचा वाटा वाढत गेला, पोस्टरवर त्याचं नाव मोठं झालं, मुली त्याच्यासाठी येऊ लागल्या आणि लोक नाचता नाचता थांबून मंचाभोवती गोळा होऊ लागले. आल्बेर्तो कास्तिशोच्या वेळी तर फारच. तो शिकलेला डॉक्टर, स्त्रीरोगतज्ज्ञ, आणि तान्तुरीच्या ऑर्केस्ट्रातून गायचा ते टाय सैल करून, अंगविक्षेप करत. गंमत म्हणजे त्याचं 1942 चं गाजलेलं गाणं टँगो कसा नाचावा हेच शिकवणारं आहे. ते लागलं की आजही हॉल उठतो. म्हणजे गायक पुढे आला की नाच मागे पडतो, असा सरळ हिशेबही मांडता येत नाही.

आमच्या मिरजेच्या घरात रेडिओ आजोबांच्या खोलीत होता. रात्रीच्या संगीतसभेला ते पाठ ताठ करून बसत, डोळे मिटत आणि घरात भांडं वाजलेलं त्यांना खपत नसे. 'ऐकताना हात चालू असले तर कान बंद असतात,' असं त्यांचं ठाम मत. आजी उंबऱ्याच्या अलीकडे सुपात तांदूळ घेऊन बसायची. विलंबितात तिचे हात संथ चालायचे, द्रुत लागलं की खडे भराभरा बाजूला पडायचे आणि समेवर सूप एकदा आपटायचं. आजोबा दर वेळी डोळे उघडून तिच्याकडे पाहत. ती गाण्याविषयी कधी काही बोलली नाही. रागांची नावं तिला येत असतील, नसतील. आजोबा गेल्यानंतर रेडिओ तिच्या ताब्यात आला तेव्हा तिने तो स्वयंपाकघरात नेला. माझ्या कानाचा कोणता भाग आजोबांचा आणि कोणता तिचा, याचा निवाडा मला आजवर करता आलेला नाही. मिलोंगातल्या त्या रात्रीने ते भांडण पुन्हा उकरून काढलं, इतकंच.

ब्युनोस आयर्समध्ये माझा मुक्काम विशा क्रेस्पोत होता. मेट्रोची बी लाइन. त्या लाइनवर टँगोगायक कार्लोस गार्देलच्या नावाचं स्टेशन आहे, आबास्तोच्या जुन्या बाजाराशी, जिथे तो वाढला. तिथून मेद्रानो, आन्हेल गाशार्दो ही दोन स्टेशनं सोडली की माझं स्टेशन यायचं, मालाबिया – ओस्वाल्दो पुग्लिएसे. हा पुग्लिएसे पियानोवादक, नाचणाऱ्यांच्या ऑर्केस्ट्राचा प्रमुख. याच लाइनने आणखी पुढे गेलं की चाकारिताची दफनभूमी, गार्देल आणि पुग्लिएसे दोघंही तिथेच. गार्देलच्या पुतळ्याच्या बोटांत कुणी ना कुणी पेटती सिगरेट अडकवून जातं. रोज या दोन नावांच्या मधून ये-जा करताना मला वाटायचं, की टँगोचं ऐकणं आणि नाचणं इथे दोन स्टेशनांच्या अंतरावर ठेवलंय. गार्देल तर रोज आदल्या दिवसापेक्षा चांगला गातो असं तिथले लोक म्हणतात, पण मिलोंगात त्याला लावत नाहीत. कायदा नाही, तरी लावत नाहीत. आदर हे एक कारण. दुसरं कारण त्याच्या गाण्यातच आहे. बहुतेक वेळा मागे नुसत्या गिटारी, आणि त्या त्याच्या आवाजाच्या मागून चालतात. शब्दाला जेवढा वेळ लागेल तेवढा वेळ तो घेतो. तबकडी तीन मिनिटांची असली तरी त्या तीन मिनिटांत सांगायचं ते सगळं तो सांगून टाकतो. पायांकडे सांगण्यासारखं काही उरत नाही.

24 जून 1935 ला मेदेशीनच्या विमान अपघातात गार्देल गेला. त्याच वर्षाच्या अखेरीला रोदोल्फो बिआजी हुआन दारिएन्सोच्या ऑर्केस्ट्रात पियानोवर बसला. योगायोग म्हणून सोडून द्यावं, पण मला ते सोडवत नाही. टँगोचा सगळ्यात मोठा आवाज बंद झाला, आणि काही महिन्यांत, ज्या टँगोला लोक म्हाताऱ्यांचं, बसून ऐकायचं समजू लागले होते त्याला पुन्हा पाय फुटले. बिआजीने काय केलं? दारिएन्सोच्या कडक, तुटक तालात जिथे ऑर्केस्ट्रा श्वास घेतो त्या फटींत त्याने पियानोच्या लहानलहान उड्या टाकल्या. 1936 चं 'एल फ्लेते' लावून पाहा. व्हायोलिन आणि बांदोनेऑन एकत्र थांबतात, अर्धा क्षण काहीच नाही, आणि तेवढ्यात पियानो खट्याळपणे काहीतरी बोलून जातो. पाय बसल्या जागी हलतो. 1938 मध्ये बिआजी बाहेर पडला आणि त्याने स्वतःचा ऑर्केस्ट्रा काढला. पण त्याने शिकवलेली ती खोडी दारिएन्सोने पुढे सोडली नाही.

दारिएन्सो घरी ऐकणं मात्र मला जमत नाही. दोन गाण्यांनंतर जबडा आवळला जातो, तिसऱ्याला मी भांडी आदळायला लागते. पण रात्री अकराला हॉल सुस्तावलेला असतो, जेवणं झालेली असतात, लोक गप्पांत रुतलेले असतात, तेव्हा दुसऱ्या कुणाचंही चालत नाही. त्याचे पहिले चार ठोके पडले की खुर्च्या सरकल्याचा आवाज येतो. संगीत लावणाऱ्याला यापेक्षा चांगली पावती नाही.

कार्लोस दि सार्लीचं उलट. तो घरीही चालतो आणि हॉलमध्येही. बाहिया ब्लांकाचा हा माणूस, पोरवयातल्या अपघातात एक डोळा गमावलेला, जन्मभर काळा चष्मा लावून पियानोवर बसला. त्याच्या ऑर्केस्ट्रात कुणी एकट्याने चमकत नाही. व्हायोलिनचा मोठा ताफा लांब ओळी ओढतो, आणि खाली त्याचा डावा हात मंद्रातल्या सुरांवर घंटा वाजवल्यासारखा पडत राहतो. त्यावर फक्त चालायचं असतं. शिकाऊ माणूस त्यावर चालतो आणि तीस वर्षं नाचलेलाही चालतो. दोघांच्या चालण्यात केवढा फरक आहे हे त्यावर जितकं उघडं पडतं तितकं दुसऱ्या कशावरच पडत नाही. पण दि सार्लीतही 1940 चा वेगळा आणि 1950 च्या दशकातला वेगळा. आधीचा चपळ, थोडा खट्याळ, कोवळ्या रुफिनोला गायला घेतलेला. नंतरचा संथ, भव्य, रेशमी. दोन्ही एका तांदेत घातले तर दुसऱ्या गाण्याला सगळ्या हॉलचं पाऊल अडखळतं, आणि का अडखळलं हे कुणाला कळतही नाही. जोडीदारालाच दोष दिला जातो.

हे सगळं कळायला लागलं ते पुण्यात परत आल्यावर, कारण संगीत लावायची वेळ माझ्यावर आली. आमचा गट लहान. आयटीतली मुलं, एक दातांच्या डॉक्टर, बँकेतून निवृत्त झालेले आणि गुडघा बदलून घेतलेले एक काका, कधी मुंबईहून येणारं एखादं जोडपं. दर रविवारी संध्याकाळी एक भाड्याचा हॉल, मोझेइकच्या फरश्या, तीन पंखे. त्यातल्या एकाचा आवाज नेमका व्हायोलिनच्या वरच्या सुरांशी स्पर्धा करणारा. तिथे स्वतःची आवड घेऊन गेलं की काय होतं ते लगेच दिसतं. मला आवडतं ते बहुतेक सगळं रात्री एकटीने ऐकायचं आहे. हॉलला हवं असतं दुसरंच. दोन संथ तांदा झाल्या की एक वाल्स, म्हणजे टँगोतला वॉल्ट्झ, कारण पाय जड होतात. मग पुन्हा दोन, मग मिलोंगा, नाचाच्या रात्रीचंच नाव असलेली चाल, छोट्या पावलांची आणि हसवणारी, तिच्यानंतर सगळे घामाघूम. प्रत्येक तांदेचं पहिलं गाणं ओळखीचं असावं लागतं. ते सुरू झाल्यावर दहा-पंधरा सेकंदांत लोक ठरवतात, या ऑर्केस्ट्रावर कुणाबरोबर नाचायचं. काबेसेओ म्हणजे ही लांबून मानेने होणारी विचारणा, आणि ती त्या दहा-पंधरा सेकंदांवर चालते. तिथे मी माझा दुर्मीळ शोध लावून ठेवला तर सगळे एकमेकांकडे न बघता छताकडे बघतात. शोध तिसऱ्या जागी. शेवटचं गाणं पुन्हा भक्कम. आणि दोन तांदांच्या मध्ये कोर्तिना, टँगो नसलेला अर्ध्या-पाऊण मिनिटाचा तुकडा, म्हणजे लोकांनी एकमेकांना सोडावं, पाणी प्यावं. आमच्याकडची मुलं कोर्तिनावरही नाचतात. त्यांना कोण सांगणार!

एक गोष्ट कुणी आधी सांगितली नव्हती. ही सगळी गाणी आपण ऐकतो ती बहुतेक कुणाच्या तरी कपाटातल्या, मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्यांवरून उतरवलेली. मूळ साचे बरेचसे नष्ट झाले. जपानी संग्राहकांनी जपलेल्या तबकड्या नसत्या तर आज कितीतरी रेकॉर्डिंग हाती लागली नसती. त्यामुळे एकच गाणं चार ठिकाणी चार प्रकारे मिळतं. कुठे तबकडी थोडी जास्त वेगाने फिरवल्यामुळे अर्ध्या सुराने चढलेलं, कुठे पुढच्या काळातल्या कुणी प्रतिध्वनी घालून देवळात वाजवल्यासारखं केलेलं, कुठे खरखर इतकी पुसलेली की व्हायोलिनही तिच्याबरोबर पुसलं गेलं. ऐकायला मी खरखरीचं घेते. हॉलला खरखर मोठी होऊन पंख्यात मिसळते, म्हणून तिथे थोडं घासलेलं. दोन्हींसाठी एकच प्रत चालेल असं मला कधी वाटलं नाही. एकाच गाण्याच्या दोन प्रती माझ्याकडे असतात आणि त्यांची नावं मी मुद्दाम वेगळी ठेवते.

लोक फर्माइश करतात. सगळ्यात जास्त 'पोएमा'ची, फ्रान्सिस्को कानारो आणि रोबेर्तो मायदा, 1935. गोड आहे, नाचायला सोपं आहे, एकदा ऐकलं की आठवडाभर जात नाही. मी ते दडवून ठेवते. क्वचित कधीतरी लावते, तेही कुणाचा वाढदिवस असेल तर. याबद्दल माझ्यावर हट्टीपणाचा आरोप आहे आणि तो खरा आहे. दुसरी फर्माइश पियाझोलाची. ही मुलं टँगोकडे आली तीच 'लिबेरतांगो' ऐकून. आणि इथे आल्यावर बाई त्यांना चाळिशीतल्या चरचरत्या तबकड्या ऐकवते, म्हणून त्यांची थोडी निराशाही झालेली असते.

आस्तोर पियाझोला 1939 ते 1944 त्रोइलोच्याच ऑर्केस्ट्रात होता. बांदोनेऑन वाजवायचा, पुढे वाद्यरचनाही लिहायला लागला. सांगतात, की त्याने लिहून आणलेल्या पानांवर त्रोइलो खोडरबर घेऊन बसायचा. हे काढ, तेही काढ, लोकांना नाचायचंय. विशीतल्या त्या पोराला किती राग येत असेल! पुढे तो पॅरिसला नादिया बुलाँजेकडे शिकला, परत येऊन 1955 मध्ये आठ जणांचा ताफा काढला आणि खोडरबर कायमचं फेकून दिलं. वडील गेले तेव्हा 1959 मध्ये न्यूयॉर्कमध्ये बसून त्याने 'आदिओस नोनिनो' लिहिलं. त्यात कुणी एक सूरही खोडू शकत नाही. ते गच्च भरलेलं आहे. त्याच्यासमोर मी आजोबांसारखी बसते, पाठ ताठ करून. पण त्रोइलोच्या 1941 च्या गाण्यांत मला ते खोडरबर ऐकू येतं. एखादी ओळ भरता आली असती आणि भरलेली नाही, तिथे नाचणाऱ्याला पाऊल ठेवायला, किंवा न ठेवायला, जागा आहे. ती जागा बसून ऐकणाऱ्याला कधीकधी रिकामी वाटते. नाचणाऱ्याला तेवढीच हवी असते. लावायचं काय आणि ऐकायचं काय हे निवडताना मी हल्ली तेवढंच बघते, माझ्यासाठी यात किती शिल्लक ठेवलंय.

पण मग पुग्लिएसे येतो आणि हेही मोडून टाकतो. 'ला शुम्बा', 1946. ठोका नुसता पडत नाही, तो जमिनीत रुततो आणि ओढून काढावा लागतो. मध्ये ताल जवळजवळ विरघळतो, पियानोचे दोन-तीन सूर हवेत सुटे राहतात, आणि परत सगळा ऑर्केस्ट्रा एकदम अंगावर येतो. बसून ऐकावं तर मैफलीचं संगीत आहे. नाचावं तर अर्धा हॉल त्याच्यासाठीच रात्री दोनपर्यंत थांबलेला असतो. पुग्लिएसे कम्युनिस्ट, ऑर्केस्ट्रा सहकारी तत्त्वावर चालवायचा, मिळकत वाटून घ्यायचे. तो तुरुंगात असायचा तेव्हा बाकीचे त्याच्या पियानोवर लाल कार्नेशनचं फूल ठेवून कार्यक्रम करायचे. कार्यक्रमाला कुणाची नजर लागू नये म्हणून तिथले वादक अजूनही मंचावर जाण्याआधी त्याचं नाव तीनदा घेतात. पुग्लिएसेवर नाचताना मला कायम वाटतं की मी ऐकायला कमी पडतेय, आणि ऐकताना वाटतं की उठायला हवं होतं. संध्याकाळी साडेआठच्या आत मी त्याला लावत नाही, आमचा हॉल नऊला बंद होतो तरी.

त्या गृहस्थांचं मला आता इतकंच वाटतं, की ते त्या रात्री थांबले ते गाणं नाचायला अवघड होतं म्हणून नव्हे. नाचायला ते सुरेख आहे, त्या मुलीने दाखवलंच. त्यांना त्या गाण्यात स्वतःसाठी जागा नको होती. ती मान्झीची होती. आणि त्या मुलीला मान्झी माहीत नव्हता असंही मी धरून चालणार नाही. ती तिथलीच होती, शाळेत तिने त्याच्या ओळी ऐकल्या असतील. तिला कदाचित तेवढ्याचसाठी पाऊल खाली टेकवावंसं वाटलं नसेल. आजोबांना हे पटलं नसतं. माझ्या रविवारच्या यादीत 'रेस्पॉन्सो' एकदा शिरलं होतं, मी ते काढलं. त्याचं कारण विचाराल तर आदर हे अर्धंच. उरलेलं अर्धं म्हणजे, आमच्या हॉलमध्ये त्या गाण्याला थांबणारं कुणी नाही, आणि सगळेच नाचले असते तर मला ते बघवलं नसतं.

शेवटी 'ला कुम्पारसिता' लावते. मोन्तेविदेओतल्या हेरार्दो मातोस रोद्रीगेस नावाच्या विद्यार्थ्याने कार्निव्हलसाठी मार्च म्हणून लिहिलेली चाल. आज जगात कुठेही मिलोंगा संपताना ती वाजते. भैरवी सुरू झाली की आपल्याकडे लोक चपला कुठे काढल्या ते आठवायला लागतात, तसंच तिथेही होतं. फक्त एक फरक आहे. कुम्पारसिताला माणसं निघत नाहीत, ज्याच्याबरोबर आली त्याला शोधतात. आमच्या गटात त्या दातांच्या डॉक्टर दर वेळी काकांना शोधतात. कारण काकांना त्यांनीच आणलंय, आणि घरी सोडायचंही त्यांनाच असतं.

येत्या रविवारचं वाल्स मात्र अजून ठरत नाही. बिआजीचं 'लाग्रिमास इ सोनरिसास' घेतलं तर पोरं भिंगरीसारखी फिरतील, हॉल हसेल. पुग्लिएसेचं उशिराच्या काळातलं 'देस्दे एल आल्मा' घेतलं तर मी हसेन. तीन वाल्स लागतात, दोघांना एका तांदेत बसवता येत नाही, आणि काकांनी आजच फोन करून सांगितलंय की वाल्स दोनच ठेव, गुडघ्याला तिसरं झेपत नाही.